मोलेला ते जयपूर : मातीचे देव आणि मातीविना घडलेली भांडी

नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून जाणाऱ्यांची रीघ बारमाही असते. मात्र तेथून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, बनास नदीकाठी वसलेल्या मोलेला या कुंभारांच्या गावाकडे त्यांतले फार थोडे वळतात. हाताने घडवलेल्या मातीकामाचा संग्रह करण्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी हा प्रवास दर्शनाची पुरवणी म्हणून न करता स्वतंत्रपणे आखावा, असे आमचे मत या खेपेस पक्के झाले. उदयपूर, मोलेला आणि जयपूर असा क्रम आम्ही ठेवला होता. दुकानात शिरण्यापूर्वी आधी संग्रहालय आणि मग कारागिराचे अंगण पाहावे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

उदयपूरच्या भारतीय लोककला मंडळात (स्थापना 1952) लोकदेवता, मुखवटे आणि कठपुतळ्या यांचा संग्रह आहे. मोलेल्यात घडणाऱ्या मातीच्या फलकांवर जे देव दिसणार आहेत, त्यांची तोंडओळख तेथे करून घेतलेली बरी. देवनारायण, ज्यांना धर्मराजही म्हणतात, तेजाजी, गोगाजी, काळा-गोरा भैरव, चामुंडा आणि नाग ही मंडळी आपल्या ओळखीच्या देव्हाऱ्यातली नव्हेत. त्यांच्यातले घोडेस्वार तर नवख्याला सगळे सारखेच वाटतात. घोड्यावर बसलेल्या वीराच्या जिभेला नाग डसताना दिसला तर ते तेजाजी, ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुढे बरेच काम होते.

मोलेल्यात चाकावर घडणारी मडकीही आहेत, परंतु गावाचे नाव झाले ते उठावाच्या फलकांमुळे. आम्ही गेलो तेव्हा एका अंगणात असा फलक अगदी सुरुवातीपासून घडत होता. तळ्यातली आणि नदीकाठची माती कुटून, चाळून तिच्यात गाढवाची वाळलेली लीद मिसळलेली असते. भाजताना ती जळून जाते, मागे बारीक छिद्रे राहतात आणि त्यामुळे फलक तडकत नाही. जमिनीवर राख भुरभुरून त्यावर मातीची पोळी थापली, तिचा माथा कमानीसारखा कापला आणि मग त्या पाटीवर मातीच्या वळ्या लावत लावत घोड्याचे पोट उभे राहू लागले. हे पोट भरीव नसते, पोकळ असते, आणि फलकाच्या पाठीमागून त्याला हवा जाण्यासाठी भोक ठेवलेले असते. डोळे, दागिने, लगाम हे सगळे मातीच्या गोळ्या आणि दोरे चिकटवून होते; साचा कुठेही नसतो. कारागिराने घोड्याच्या मानेवर ओला अंगठा फिरवला आणि त्या एका दाबाने आयाळीची रेघ उमटली, ती पाहिल्यानंतर साच्यातून काढलेल्या मूर्तीत काय नसते हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे फलक मुळात शोभेसाठी नाहीत. माघ महिन्याच्या सुमारास राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातून भिल्ल, गुर्जर आणि इतर समाजांची माणसे आपल्या भोप्यासह, म्हणजे पुजाऱ्यासह, मोलेल्याला येतात, देव निवडतात आणि वाजतगाजत गावच्या देवऱ्यात, म्हणजे लोकदेवाच्या देवस्थानात, नेऊन त्याची स्थापना करतात. जुने फलक झिजले की काही वर्षांनी पुन्हा फेरी होते. पाहणाऱ्याला हा काळ सर्वांत समृद्ध आहे, पण खरेदीला नव्हे: कारागिरांचे हात तेव्हा गुंतलेले असतात आणि भोप्याने निवडलेल्या फलकापुढे आपण भाव विचारत उभे राहणे शोभत नाही. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी विचारावीच. निवांत बोलायचे आणि घडताना पाहायचे असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्यात माती वाळत नाही, त्यामुळे तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

अलीकडे गावात शहरी गिऱ्हाइकासाठी गणपती, लग्नाची वरात, विहिरीवरच्या बायका असे विषयही मोठ्या प्रमाणावर होतात. हॉटेलांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींसाठी मोठी म्युरल्स तुकड्यातुकड्यांत घडवून, भाजून, जागेवर जोडली जातात. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. या कलेला 2012 मध्ये मोहनलाल कुंभार यांच्या रूपाने पद्मश्री मिळाली, तीही देवऱ्याबाहेरच्या जगाने तिची दखल घेतल्यामुळेच. तरीही संग्रहासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी देवाचा फलक घेईन, कारण वरातीच्या फलकात कारागीर गिऱ्हाइकाची आवड सांभाळत असतो आणि देवाच्या फलकात त्याला कोणाचीच सांभाळायची नसते.

निवडताना फलक उलटा करून पाठ पाहावी. हवेची भोके नीट आहेत का, पाटी आणि आकृती यांच्या सांध्यात केसासारखी चीर आहे का, हे तेथे कळते. बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहावे: नीट भाजलेला फलक टणटणीत वाजतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो. रंगवलेला घ्यावा की साधा, हा आवडीचा प्रश्न आहे. साध्या फलकात भट्टीतले काळे-लाल डाग दिसतात आणि मला ते आवडतात, पण पूजेचा फलक परंपरेने रंगवलेलाच असतो. कारागिराकडून मागच्या बाजूला नाव, गाव आणि वर्ष कोरून किंवा लिहून घ्यावे. बहुतेक जण आनंदाने लिहून देतात. घासाघीस मात्र बेताने करावी. एका फलकामागे माती तयार करणे, घडवणे, सावलीत वाळवणे आणि भाजणे धरून किती दिवस जातात, हे अंगणात तासभर बसले तरी समजते.

मोलेल्याहून उदयपूरला परतून आम्ही रेल्वेने जयपूर गाठले. या प्रवासाला सहा ते आठ तास धरावेत. जयपूरची ‘ब्लू पॉटरी’ मोलेल्याच्या अगदी उलट टोकाची आहे, कारण तिच्यात कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची भुकटी, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार, सज्जी (एक प्रकारचा सोडाखार) आणि डिंक यांचा गोळा करतात. तो चाकावर उभा राहण्याइतका चिवट नसतो, म्हणून त्याची पोळी लाटून साच्यात बसवतात आणि आकार ढासळू नये म्हणून आत राख भरतात. चाकाचा उपयोग पुढे, बैठक आणि मान जोडण्यापुरता. पांढरा लेप दिल्यानंतर खारीच्या केसांच्या कुंचल्याने नक्षी काढतात. कोबाल्टचा रंग तेव्हा करडा, मळकट दिसतो. भट्टीतून बाहेर येतो तो गडद निळा होऊन. तांब्याच्या भस्मातून फिरोजी छटा येते. सगळे एकाच भाजणीत, 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या आसपास, उरकते. त्यामुळे रेघ चुकली तर सुधारायला दुसरी संधी नसते.

या कामाला जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे यांनी 19 व्या शतकात आश्रय दिला. विसाव्या शतकात ते जवळजवळ संपले होते. हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी झटलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळावर चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी त्याला पुन्हा उभे केले. जुना नमुना पाहायचा तर 1887 मध्ये खुले झालेले अल्बर्ट हॉल संग्रहालय गाठावे. तेथील मृत्पात्रांचे दालन घाईने पाहू नये. जुन्या भांड्यांवरची नक्षी थोडी थरथरती असते, पाकळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि तरीही संपूर्ण भांड्यावर तोल सुटत नाही. ही नजर तयार झाली की बाजारातली यांत्रिक सफाई आपोआप खटकू लागते.

बाजारात निळ्या रंगाच्या साध्या चिनी मातीच्या वस्तूही याच नावाने खपवल्या जातात. वस्तू उलटून झिलई नसलेली बैठक पाहिली तर अस्सल भांड्याचे अंग पांढरट, रवाळ आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. दोन तबके शेजारी ठेवून एकच फूल ताडून पाहावे. दोन्हीकडे रेघ हुबेहूब असेल तर ती छापलेली समजावी. सवड असेल तर जयपूर परिसरातील सांगानेर किंवा कोट जेवर येथील कार्यशाळा पाहाव्यात. काम चालू असताना जावे आणि आधी फोन करावा. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा आपण होऊन सांगत नाहीत: पारंपरिक झिलईत शेंदूर, म्हणजे शिसे, असते. वाटी किंवा तबक जेवणासाठी, विशेषतः आंबट पदार्थांसाठी वापरायचे असेल तर शिसेविरहित झिलईची वस्तू मागून घ्यावी आणि ती खात्रीने मिळत नसेल तर शोभेपुरतीच घ्यावी.

सामान आणण्याबाबत थोडे. वांद्रे टर्मिनसहून उदयपूरला थेट गाडी आहे, पण ती रोज सुटत नाही. जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. फलक हातातल्या सामानातच ठेवावा. तो आडवा ठेवून वर काही रचले तर उठावाचा भाग, बहुधा घोड्याचा कान किंवा वीराचा भाला, आधी तुटतो; म्हणून पाठीला जाड पुठ्ठा लावून, पुढच्या खोलगट जागा चिंध्यांनी भरून, तो कडेवर उभा बांधावा. खोक्यात हलणारी जागा उरता कामा नये. मोठा फलक हवा असेल तर तुकड्यांत घडवलेला मागवावा. प्रत्येक तुकडा वेगळा बांधता येतो आणि एखादा फुटलाच तर कारागीर तेवढाच पुन्हा करून देऊ शकतो. घरी आल्यावर मोलेल्याचा फलक पावसाची झड येणाऱ्या भिंतीवर लावू नये आणि ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ, कोरडा ब्रश पुरतो.