तो जॅकी चॅनच होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या टीव्हीखाली जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम अजून जोडलेला आहे. माझ्या वयाचं कुणीही घरी आलं आणि मी 'कुंग फू' लावला, की दोन मिनिटांत हाच प्रश्न येतो: "हा जॅकी चॅनचा गेम ना रे?"

हो, त्याचाच. पण नुसतं हो म्हणून माझं समाधान होत नाही.

1984 साली दिग्दर्शक सॅमो हंगने 'व्हील्स ऑन मील्स' हा सिनेमा केला. सिनेमा हाँगकाँगचा, पण घडतो बार्सिलोनात. थॉमस म्हणजे जॅकी चॅन आणि डेव्हिड म्हणजे युएन बियाओ हे दोघं तिथे खाण्याची गाडी चालवतात. सिल्विया नावाची मुलगी त्यांच्यात येते, तिला पळवून नेतात, आणि सगळं प्रकरण एका किल्ल्यातल्या हाणामारीवर येऊन ठेपतं. जपानमध्ये हा सिनेमा 'स्पार्टन एक्स' नावाने लागला. त्याच वर्षी आयरेम या जपानी कंपनीने त्याच नावाचा आर्केड गेम, म्हणजे पार्लरमधल्या मशीनवरचा गेम, काढला, जो जपानबाहेर 'कुंग-फू मास्टर' झाला. 1985 मध्ये निन्टेंडोने तो फॅमिकॉमवर, म्हणजे त्यांच्या घरी टीव्हीला जोडायच्या गेमच्या सेटवर, आणला, आणि त्या कामात मारिओवाले शिगेरू मियामोतो होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले सेट बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला. त्यांच्या कॅसेटमध्ये कॉन्ट्रा, मारिओच्या पंगतीला नुसता 'कुंग फू' असायचा. सिनेमाचं नाव वाटेतच गळून पडलं होतं, म्हणून तर हा प्रश्न पडतो.

गंमत अशी, की सिनेमा पाहायला बसलात तर त्यात हा गेम कुठे दिसत नाही. पाच मजल्यांची इमारत नाही, चाकूफेके नाहीत, वरून पडणारी मडकी आणि साप तर नाहीतच. सिनेमातून गेममध्ये आले ते थॉमस, सिल्विया आणि तिचं अपहरण. एकेक मजला चढत जायचं आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा भिडू, ही मांडणी ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ'ची. तो सिनेमा त्याच्या हयातीत पुरा झाला नाही. ली 1973 मध्ये गेला आणि सिनेमा 1978 मध्ये लागला. म्हणजे आपण लहानपणी बोटं दुखेपर्यंत जे खेळलो त्यात नाव जॅकीचं आणि जिना ब्रूस लीचा होता. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

जिन्यावरून आठवलं. पहिल्या मजल्यावर थॉमस उजवीकडून डावीकडे जातो. मारिओची सवय झालेल्या हाताला ते चमत्कारिक वाटतं. मग जिना चढला की दिशा उलटते. पुढच्या मजल्यावर परत उलटते. खऱ्या इमारतीत आपण असेच वळत वळत वर जातो.

आणि ते जांभळे लोक! हात वर करून येतात, मारत नाहीत, फक्त मिठी मारतात. मिठीत सापडलात की वरची शक्तीची पट्टी सरसर उतरायला लागते आणि रिमोटवर डावी-उजवी, डावी-उजवी करत त्यांना झटकावं लागतं. एक झटकेपर्यंत मागून दुसरा चिकटतो. खरं कौशल्य त्यांना जवळ येऊ देण्यात आहे. लाथ लांबून लागते, ठोसा अगदी जवळून, आणि गुण ठोशाला जास्त. म्हणजे जास्त गुण हवेत तर मिठीच्या एक वीत अलीकडे थांबायची छाती हवी. माझा आतेभाऊ कायम ठोसेच मारायचा. त्याचा अंगठा बटणावर टेकलेला असायचा आणि तो श्वास रोखून धरायचा, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

हे अंतराचं गणित बसवलं आयरेमचा तो गेम रचणाऱ्या ताकाशी निशियामा यांनी. मजल्याच्या शेवटी थॉमस आणि एकच तगडा भिडू समोरासमोर येतात, वर दोघांच्या दोन पट्ट्या. पहिल्या मजल्यावर काठीवाला, दुसऱ्यावर बूमरँगवाला, तिसऱ्यावर तो राक्षसासारखा धिप्पाड. या लढतींतूनच निशियामांना पुढची वाट सापडली आणि कॅपकॉम या दुसऱ्या गेम कंपनीत जाऊन त्यांनी 1987 चा पहिला 'स्ट्रीट फायटर' हा एकास एक मारामारीचा गेम केला. पार्लरमध्ये पुढे जिथे गर्दी उसळायची त्या खेळाचं मूळ या पट्ट्यांत आहे.

मग सिनेमातून नुसती नावंच आली का? मला तसं वाटत नाही. किल्ल्यातल्या शेवटच्या मारामारीत बेनी उर्किडेझ हा अमेरिकन किकबॉक्सर जॅकीवर लाथ फिरवतो. ती जॅकीला लागत नाही, पण तिच्या वाऱ्याने मागच्या मेणबत्त्या विझतात. एवढ्या थोडक्यात हुकलेली लाथ. पाहुण्यांनी विचारलं की मी आधी तो प्रसंग दाखवतो आणि मग रिमोट त्यांच्या हातात देतो. काठीवाल्यापाशी पोचले की ते लाथ सोडून ठोसे मारायला लागतात.