आधी गेट, मग ड्रेन

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या टेस्ट बेंचवर गॅलियम नायट्राइड या सेमीकंडक्टरचे आरएफ अँप्लिफायर (रेडिओ सिग्नल मोठा करणारी सर्किटं) तपासायला येतात. यातला डिप्लीशन प्रकारचा ट्रान्झिस्टर गेटवर (करंट आवरणाऱ्या टोकावर) उणे व्होल्टेज नसेल तर चालूच असतो. ड्रेनला (मुख्य करंट जिथून आत येतो त्या टोकाला) २८ व्होल्ट आधी पोचले की करंट धो धो वाहतो आणि महागडा पार्ट क्षणात जळू शकतो.

म्हणून मॉड्युलर सप्लायमध्ये (अनेक आउटपुट असलेल्या वीजपुरवठा यंत्रात) गेटच्या आउटपुटला ऑन डिले, म्हणजे चालू होण्याआधी थांबायची वेळ, शून्य, ड्रेनला ५० मिलिसेकंद. बंद करताना उलटं: ड्रेन लगेच, गेट मागाहून. नवी पोरं इथेच फसतात, ऑनचेच आकडे ऑफला टाकतात! शिवाय आउटपुट बंद झालं म्हणजे व्होल्टेज शून्य झालं असं नाही. ड्रेनवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे व्हायला वेळ घेतात. दोन्ही आउटपुट स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) एकत्र पाहिल्याशिवाय मी ऑफचा आकडा ठरवत नाही.

आणि लाइट गेली तर? मग आपण ठरवलेला क्रम पाळला जाईलच असं नाही. सप्लायच्या आतल्या कपॅसिटरमध्ये किती ऊर्जा उरली त्यावर सगळं. पावसाळ्यात इथे लाइटचा भरवसा नसतो, म्हणून बेंच यूपीएसवरच. मॅनेजरसाहेबांना तो खर्च जास्त वाटतो. वाटू दे.