बालगीतांच्या ईपी डिजिटल करायच्या असतील तर

नाट्यगीतांच्या तबकड्या घरात जपून ठेवल्या जायच्या. बालगीतांच्या मात्र पोरांनी पार घासून टाकलेल्या असतात, त्याही जड सुईच्या सूटकेस प्लेअरवर. त्यामुळे ईपीवर (मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी, बाजूला साधारण दोन गाण्यांची छोटी तबकडी) प्रत्येक बाजूचं दुसरं गाणं जास्त खराब मिळतं. सुई मध्याकडे सरकली की तिच्याखालून एका सेकंदात आवाज कोरलेली चर कमी लांबीची जाते, आणि ‘च’, ‘स’ आधी फाटतात. अशा वेळी गोल टोकाची सुई काढून लंबगोल टोकाची लावून बघा. ती चरीला वेगळ्या जागी टेकते, कधीकधी तिथला भाग शाबूत असतो.

त्याआधी धुणं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ कापड, चरीच्या दिशेनेच पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते.

वेगाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ६ टक्के जास्त वेग म्हणजे काळी दोन पट्टीतलं गाणं अर्ध्या सुराने चढून पांढरी तीनमध्ये गेलं, आणि आठ वर्षांचं मूल पाच वर्षांचं वाटायला लागलं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ४५ साठी स्ट्रोब चकतीवर (वेग तपासायची रेघांची चकती, वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) १३३ रेघा लागतात. बऱ्याच एलईडीखाली त्या स्थिर दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब शोधा.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी? बडबडगीत प्रत्येक घरात आपापल्या लयीत म्हटलं जायचं. रेकॉर्डने लय, पट्टी, कडव्यांमधली मोकळी जागासुद्धा पक्की केली, आणि गॅदरिंगमध्ये मुलं आजही तीच पाळतात.

१९५३ च्या ‘देवबाप्पा’मधलं ‘नाच रे मोरा’ आशा भोसल्यांचं, म्हणजे मोठ्या माणसाने मुलांसाठी गायलेलं. पुढे मीना खडीकरांनी योगेश आणि रचना या आपल्या मुलांकडूनच गाणी गाऊन घेतली, आणि ऐकणाऱ्या पोराला आपल्या वयाचा आवाज मिळाला. ओळीआधी घाईने घेतलेला श्वास, जरा उशिरा पडलेली टाळी हे सगळं त्यात आहे. (हल्लीच्या ऑटोट्यून केलेल्या बालगीतांत नेमकं तेच नसतं.)

म्हणून टकटक काढा, खरखर मात्र बेताने. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की श्वास आधी जातो, मग ‘स’ पाण्याखालून आल्यासारखा होतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची कच्ची डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनी-फाइल) वेगळी ठेवा. साफसफाई प्रतीवरच करा.

फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक घाला, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडाही. कव्हरांची अदलाबदल नेहमीची असते, कोरलेला आकडा बदलत नाही. लेबलवर गाणाऱ्या मुलांची नावं असतील तर तीही लिहा. नेटवर चढवताना गायकाच्या रकान्यात सरसकट ‘बालवृंद’ टाकतात.