आईच्या दोन नावांपायी अकरा महिने

सैन्यातून निवृत्त झालेले बाबा गेले तेव्हा आमच्या खानापूर तालुक्यात भाताची रोपलावण चालू होती. मृत्यूचा दाखला, बँकेला कळवणे, अर्ज भरणे ही कामे पंधरवड्यात उरकली. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र आईच्या खात्यात पुढच्या ज्येष्ठात जमा झाले. रकमेबद्दल वाद नव्हता. बाबांनी सदुसष्टी ओलांडलेली असल्याने त्या वयापर्यंतच मिळणाऱ्या वाढीव दराचा प्रश्न नव्हता आणि शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांचा सर्वसाधारण दर लागू होता. अडले ते आईच्या नावापाशी.

आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. तांदूळ पसरलेल्या ताटात बाबांनी अंगठीने नवे नाव लिहिले आणि तेव्हापासून रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारवर आई त्याच नावाने आहे. पलटणीतल्या कारकुनाने मात्र लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवापत्रकातली अधिकृत नोंद, काढताना लग्नपत्रिकेवरचे माहेरचे नाव घेतले, आणि तेच डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या पुस्तिकेत) व पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) उतरले. बाबांच्या हयातीत पेन्शन त्यांच्याच खात्यात येत असल्याने हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे त्या रेजिमेंटमधल्यांच्या घरच्यांना निदान कागद हातात घेऊन चौकशीला जाता येते. बाबा दुसऱ्या दलात होते. त्यांचे अभिलेख कार्यालय, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, परराज्यात, आणि सगळा व्यवहार पोस्टाने. पहिल्या पत्रात दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले, ते आम्ही आठवड्यात पाठवले. अडीच महिन्यांनी दुसरे पत्र आले की ग्रामपंचायतीचा दाखला कन्नडमध्ये आहे, त्याचे प्रमाणित भाषांतर जोडावे. तो दाखला पहिल्याच खेपेस जोडलेला होता, म्हणजे तो कन्नड आहे हे तेव्हाही दिसत असणारच. पण एका पत्रात एकच त्रुटी कळवायची, असा तिथला शिरस्ता असावा. तिसऱ्या पत्राने तर कडेलोट केला. डिस्चार्ज बुकात जिल्हा ‘बेलगाम’ आणि आधारवर ‘बेळगावी’ असल्याने जिल्हा बदलल्याचा खुलासा त्यांना हवा होता. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारने नाव बदलले, जिल्हा होता तिथेच आहे. घरीदारी ‘बेळगाव’ सोडून दुसरे काही न म्हणणाऱ्या मी नोटरीसमोर बसून, बेलगाम म्हणजेच बेळगावी, असे शपथेवर लिहून दिले. फोन केला की ‘फाइल प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळे. आई एकदा म्हणाली, “माझं नाव कुठलं ते आता त्यांनीच ठरवावं आणि मला कळवावं.”

शेवटी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी मार्ग दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे कागद, बाबा-आईच्या जुन्या जोडफोटोसह, क्रमांक घालून एकाच पाकिटात रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले, पोचपावती जपली आणि केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तिन्ही पत्रांच्या तारखांसह तक्रार नोंदवली. त्यानंतर नावदुरुस्तीची ऑर्डर निघाली, मग सुधारित पीपीओ आला आणि बाबांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी मिळाली. हे आधीच करायला हवे होते, याचा राग मला स्वतःवरही आहे.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आजच पीपीओ काढून आईचे नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहावी. दुरुस्ती माजी सैनिकाच्या स्वतःच्या सहीने होते तेव्हा सोपी जाते. आणखी एक सांगायचे राहिले: मृत्यूनंतर खात्यात पडलेल्या पेन्शनला हात लावू नये, ती वसूल होते. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता आईलाच द्यायचा आहे, आणि लावणी करून झिजलेले तिचे अंगठे यंत्र घेत नाही, तेव्हा डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवले आहे.

सुधारित पीपीओत दोन्ही नावे ‘उर्फ’ घालून छापली आहेत. जन्मसाल मात्र आधारपेक्षा तीन वर्षे पुढचे पडले आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारी २० टक्के वाढ त्यावरच ठरणार असल्याने, त्या दुरुस्तीचा पहिला अर्ज मी काल टाकला.