सगळं आहे, तरी रंगत का नाही?

‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या 2010 च्या सिनेमात बघणाऱ्याचा दगड करणारी मेड्यूसा आहे, उडणारा घोडा आहे, समुद्रातला राक्षस आहे, देवांचा राजा झ्यूस म्हणून लिअम नीसन आणि पाताळाचा देव हेडीज म्हणून राल्फ फाइन्स आहेत. एवढं असून तो रंगत का नाही, असं तुम्ही वरचेवर विचारता. आणि थ्रीडीत बघावा का, हेही. थ्रीडीत बघू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र मूळ ग्रीक गोष्टीपाशी जावं लागतं.

सेरिफोस बेटाचा राजा पॉलिडेक्टीस याचा डोळा नायक पर्सियसच्या आईवर असतो. मुलगा आड येतो, म्हणून राजा त्याला मेड्यूसाचं डोकं आणायला पिटाळतो. ती तीन गॉर्गन राक्षसिणींपैकी एक. पर्सियस आधी तीन म्हाताऱ्या बहिणींना गाठतो. तिघींत मिळून एकच डोळा आणि एकच दात. ते हिसकावून तो पुढचा रस्ता वदवून घेतो आणि मग एकेक वस्तू जमवतो. गॉर्गन जगाच्या टोकाला राहतात, म्हणून पंखांच्या वहाणा. मेड्यूसाकडे थेट बघायचं नाही, म्हणून घासून लखलखीत केलेली ढाल. मान एका घावात उतरवायला देवांचा दूत हर्मीस याने दिलेला विळा. तोडलेलं डोकंही बघणाऱ्याचा दगड करतं, म्हणून ते ठेवायला खास पिशवी. आणि मेड्यूसाच्या दोघी बहिणी, स्थेनो आणि युरिआली, अमर आहेत. त्यांना मारता येत नाही, फक्त निसटता येतं, म्हणून अदृश्य करणारी हेडीजची टोपी. यातली एक वस्तू काढून घेतली तरी पर्सियस मेलाच. ऐकणारा श्वास रोखून बसतो तो यामुळे.

सिनेमाने यातलं दिसायला भारी तेवढं उचललं आणि कारणं सोडून दिली. दोघी बहिणी नाहीत, त्यामुळे डोकं हाती लागल्यावर निसटण्याचा थरारही नाही. उडणारा घोडा पेगॅसस मुळात मेड्यूसाच्या कापलेल्या मानेतून जन्मतो. इथे तो आधीच हजर, तोही काळा. राक्षसाला बळी दिल्या जाणाऱ्या राजकन्या अँड्रोमिडासाठी सगळा खटाटोप, पण नायकाचं मन गुंतवलंय आयोमध्ये, जिची ग्रीक पुराणातली गोष्ट पूर्ण वेगळी. त्यामुळे राक्षसापुढे बांधलेल्या अँड्रोमिडाला वाचवताना प्रेक्षकाचं काहीच पणाला लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक हेडीजच्या बाबतीत झालीय. कॅसिओपिया राणी सौंदर्याच्या गर्वात समुद्रकन्यांना कमी लेखते, म्हणून चिडतो तो समुद्राचा देव पोसायडन, आणि राक्षस येतो तो समुद्रातून. अपराध आणि शिक्षा एकाच घरातले. सिनेमात शिक्षा द्यायला पाताळातून हेडीज येतो आणि समुद्रातला प्राणी सोडतो. ग्रीकांचा हेडीज कठोर आहे, पण खलनायक नाही. त्याला सैतान केला की देवांमधलं भांडण साध्या सूडकथेवर येतं. सिनेमात या राक्षसाला दिलेलं क्रॅकन हे नाव तर नॉर्वेकडचं. पण ते 1981 च्या मूळ सिनेमातच आलं होतं, त्याचा दोष या दिग्दर्शकाला, लुई लतेरिएला, देता येत नाही.

आता थ्रीडी. सिनेमा साध्या कॅमेऱ्याने चित्रित झाला होता. डिसेंबर 2009 मध्ये थ्रीडीतला ‘अवतार’ आला आणि स्टुडिओने यालाही थ्रीडी करायचं ठरवलं. प्रदर्शन 26 मार्चवरून 2 एप्रिलला ढकललं. काम मूळच्या मुंबईच्या प्राइम फोकसकडे गेलं आणि हातात होते जेमतेम दहा आठवडे. हे काम कसं चालतं ते बघा. प्रत्येक चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, माणूस, तलवार, खडक यांच्या कडा आखून ते वेगळे करायचे. प्रत्येकाला खोली द्यायची. त्यावरून दुसऱ्या डोळ्यासाठी सरकवलेलं चित्र बनवायचं, आणि सरकल्यामुळे मागे जी रिकामी जागा उघडी पडते ती रंगवून भरायची. 106 मिनिटांचा सिनेमा म्हणजे अशा सुमारे दीड लाख चौकटी. घाई झाली की केस, धूर, धूळ, पाण्याचे तुषार यांच्या कडा आधी फसतात. चेहऱ्याला आतली गोलाई द्यायला वेळ उरत नाही, मग माणसं एकामागे एक उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या चित्रांसारखी दिसतात. त्यात चष्मा उजेड खातो, म्हणजे मेड्यूसाचा अंधारा प्रसंग आणखी काळवंडतो. शिवाय मारामारीतले तुकडे इतके छोटे आहेत की डोळा खोलीशी जुळवून घेईपर्यंत दृश्य बदललेलं असतं. कारागिरांचं कौशल्य कमी पडलं असं आम्ही मानत नाही. दहा आठवड्यांत हे काम नीट होणं शक्यच नव्हतं.

तरी टूडीत बघण्यासारखं त्यात नक्की आहे. वाळवंटातल्या अजस्र विंचवांशी झुंज मोकळ्या उन्हात आहे, कोण कुठे उभा आहे ते स्पष्ट कळतं. मेड्यूसाचा प्रसंगही वेगवान आहे, पण त्याआधी 1981 चा तोच प्रसंग जरूर बघा. रे हॅरीहाउझेन यांनी तिची प्रतिकृती हाताने, चौकटीमागून चौकट, डोक्यावरच्या सापांसकट थोडी थोडी हलवली आहे. मशालींच्या थरथरत्या उजेडात ती हातांवर शरीर ओढत पुढे येते, शेपटी वाजते, आणि पर्सियस खांबाआड नुसता थांबून राहतो. 2010 चा पर्सियस त्या मानाने फारच कमी थांबतो.