प्रस्तावातील हरवलेली क्रियापदे

माझ्या मावसभावाचे डिचोली तालुक्यात, साखळीपासून थोड्या अंतरावर, वडिलोपार्जित कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, मिरवेली आणि मधून वाहणारा पाट असा सगळा पसारा सांभाळत त्याने चार वर्षांपूर्वी जुन्या घराच्या तीन खोल्या दुरुस्त करून पर्यटकांसाठी उघडल्या. त्याचे संकेतस्थळ मीच तयार करून दिले, कारण लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळणे हाच माझा गेल्या बारा वर्षांचा उद्योग आहे. यंदा चवथ उरकल्यावर त्याचा फोन आला. “ताई, एक माणूस म्हणतो की आता लोक गूगलवर शोधतच नाहीत, सगळे एआयला विचारतात, आणि एआयमध्ये आपण कुठेच नाही. तू एकदा येशील का ऐकायला?”

ही भीती निराधार नाही, हे आधीच सांगायला हवे. गूगलने शोधाच्या वर एआयने तयार केलेला सारांश दाखवण्याची सोय भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर चॅटजीपीटीमध्येही जालावर शोध घेण्याची सोय आली. पुण्याहून किंवा बेळगावहून येणारे कुटुंब दहा दुवे उघडून पाहण्याऐवजी यंत्रालाच विचारते, हे आम्हीही पाहतो आहोत. पण ज्या भीतीत निम्मे तथ्य असते, तिच्यावरच तोतयांचा धंदा चांगला चालतो. पूर्ण खोटे असते, तर भावाने मला फोन केलाच नसता.

भेट पणजीला पाटो भागातील एका कार्यालयात झाली. तो माणूस म्हणजे एआयच्या उत्तरांत ग्राहकाचे नाव आणून देण्याची सेवा विकणारे एक सल्लागार. गृहस्थ नम्र होते, चहा चांगला होता. त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि चॅटजीपीटीला विचारले, की उत्तर गोव्यात कुळागरात राहण्यासाठी चांगली जागा कोणती. क्षणार्धात उत्तर उमटले आणि त्यात पहिल्याच ओळीत त्यांच्या एका ग्राहकाचे नाव होते. “बघा सर, क्रमांक एक,” ते भावाला म्हणाले. भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी मात्र पडद्याच्या डाव्या कडेच्या पट्टीकडे पाहत होते. तिथे त्यांच्या जुन्या संभाषणांची शीर्षके ओळीने लागली होती आणि त्यांतील निदान सहा शीर्षकांत त्याच ग्राहकाचे नाव होते.

मी माझ्या फोनवर, खात्यात प्रवेश न करता, तोच प्रश्न त्याच शब्दांत टाकला. तीन जागांची नावे आली. त्यांत हे नाव नव्हते. पुन्हा विचारले, तर तिघांपैकी एक नाव गळून नवे आले. गृहस्थांनी “नेटवर्कचा प्रश्न असेल” असे म्हटले, तेव्हाच माझ्यापुरता निकाल लागला होता. चुकणे हा दोष नव्हे, पण ज्याला हे साधन रोज हाताळावे लागते, त्याला उत्तर का बदलते हे ठाऊक असायला हवे. ही यंत्रे पुढचा शब्द संभाव्यतेवरून निवडतात, त्यामुळे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे वेगळी येणे हा त्यांचा स्वभावच आहे. शिवाय चॅटजीपीटी आपल्या मागील संभाषणांतील गोष्टी स्मरणात ठेवू शकते आणि एखाद्या प्रश्नासाठी ते जालावर शोध घेईल की आधी शिकलेल्यावरच भागवील, हेही प्रत्येक वेळी सारखे नसते. अशा यंत्रात ‘क्रमांक एक’ ही वस्तूच नसते. फार तर असे म्हणता येईल, की स्मरण बंद ठेवून, वेगवेगळ्या दिवशी, तोच प्रश्न पन्नास वेळा विचारला असता अमुक नाव इतक्या वेळा आले. असा हिशेब मांडणारा माणूस कंटाळवाणा वाटतो, लॅपटॉप फिरवणारा वाटत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे.

त्यांनी दुसऱ्या एका ग्राहकाचा मासिक अहवालही दाखवला. वीस प्रश्नांपैकी सतरांच्या उत्तरांत ग्राहकाचे नाव आल्याची नोंद त्यात होती. प्रश्न वाचले, तर बहुतेक प्रश्न ‘अमुक होमस्टेचे जेवण कसे आहे’, ‘अमुक होमस्टेला कसे पोहोचावे’ अशा धर्तीचे निघाले. ज्याचे नाव प्रश्नातच घातले आहे, त्याचे नाव उत्तरात येणारच. अहवाल पाहताना टक्केवारीच्या आधी प्रश्नांची यादी मागावी, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

आम्ही निघताना त्यांनी अठरा पानांचा प्रस्ताव हाती दिला. महिना ३५ हजार रुपये, सहा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचे पैसे आगाऊ. मी पेन्सिल घेऊन बसले आणि शाळेत व्याकरणाच्या तासाला करायचो तशी क्रियापदे अधोरेखित करू लागले. नामे भरपूर होती: ‘अधिकार-संकेत’, ‘अर्थाधारित पोत’, ‘एन्टिटी सामर्थ्य’, ‘एआय-प्रथम दृश्यमानता’. क्रियापदे मात्र सारी ‘वाढवणे’, ‘उंचावणे’, ‘सक्षम करणे’ याच कुळातली होती. सोमवारी सकाळी हा माणूस आमच्या संकेतस्थळाची कोणती फाइल उघडणार, तिच्यात काय लिहिणार किंवा काय पुसणार, हे सांगणारी क्रियापदे अठरा पानांत मला तीनच सापडली: एलएलएम्स डॉट टीएक्सटी ही फाइल बसवणे, ‘एआय स्कीमा’ जोडणे आणि दरमहा तीस लेख प्रकाशित करणे.

त्या फाइलची कल्पना जेरेमी हॉवर्ड या एआय संशोधकाने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. संकेतस्थळातील महत्त्वाचा मजकूर भाषा-प्रारूपांना, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना, सोप्या रूपात एका ठिकाणी मिळावा, हा तिचा हेतू असून तो वाईट नाही. पण तो एक प्रस्ताव आहे, शोधयंत्रांनी मान्य केलेला नियम नव्हे. गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०२५ मध्ये तिची तुलना जुन्या कीवर्ड्स मेटा टॅगशी, म्हणजे पानाच्या मागे दडवलेल्या शोधशब्दांच्या यादीशी केली, जिचा आपण क्रमवारीसाठी वापर करत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. फाइल तयार करायला अर्धा तास पुरतो. ती बसवल्याने नुकसान काही नाही, पण तिच्यासाठी महिना ३५ हजार मागणे म्हणजे दारावर तोरण बांधून घर बांधल्याचे पैसे घेणे झाले. ‘एआय स्कीमा’ नावाची वस्तू तर अस्तित्वातच नाही. स्कीमाची खूण जुनीच आहे, ती पत्ता, दर, वेळा यांसारखी माहिती यंत्राला स्पष्ट करते आणि ती जरूर असावी. परंतु गूगलच्या मार्गदर्शक पानांवर स्वच्छ लिहिले आहे, की एआय सारांशात येण्यासाठी वेगळी फाइल किंवा खास स्कीमा लागत नाही.

राहिले तीस लेख. नमुन्यादाखल एक लेख त्यांनी प्रस्तावाला जोडला होता आणि तो मी भावाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिले होते, की या निवासस्थानापासून समुद्रकिनारा पायी पाच मिनिटांवर असून सायंकाळी वाळूत बसून ताज्या मासळीचा आस्वाद घेता येतो. साखळीला समुद्र! आमच्याकडे वाळवंटी नावाची नदी आहे, जवळ हरवळ्याचा धबधबा आहे, थोडे पुढे गेले की नार्वे येथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. लेख यंत्राने लिहिला आणि माणसाने वाचला नाही, हे उघड होते. अशा मजकुराचे ढीग केवळ क्रमवारीसाठी घालणे गूगलने मार्च २०२४ पासून आपल्या स्पॅमविषयक धोरणात गैरप्रकार म्हणून स्पष्टपणे समाविष्ट केले आहे. म्हणजे पैसे मोजून आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

प्रस्तावाच्या अकराव्या पानावर ‘संशोधनसिद्ध ४० टक्के वाढ’ असे ठळक अक्षरांत होते. हे संशोधन खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा वापर मला अधिक खटकला. प्रिन्स्टन विद्यापीठ, आयआयटी दिल्ली आणि इतर संस्थांतील संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला आणि ‘जीईओ’ (जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एआयच्या उत्तरांत आपले पान यावे यासाठीची खटपट) हे नाव रूढ झाले ते त्यावरूनच. सुमारे १० हजार प्रश्नांच्या संचावर त्यांनी पाहिले, की मजकुरात विश्वसनीय संदर्भ, अवतरणे आणि आकडेवारी घातल्यास यंत्राच्या उत्तरात त्या पानाला मिळणारी जागा जास्तीत जास्त ४० टक्क्यांपर्यंत वाढते. वाढ उत्तरातील जागेची होती, बुकिंगची नव्हे. ‘पर्यंत’ हा शब्दही प्रस्तावात गळला होता. त्याच निबंधात शोधशब्द कोंबण्याचा उपाय निरुपयोगी ठरला होता, आणि जोडलेल्या नमुना लेखात ‘सर्वोत्तम गोवा होमस्टे’ हे शब्द मी चौदा वेळा मोजले.

अनुभवाच्या रकान्यात ‘जीईओ क्षेत्रात दहा वर्षे’ असे होते. चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, यापलीकडे त्यावर काही लिहावे असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर हेरली होती आणि ती मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या यंत्राने संकेतस्थळ वाचावे आणि कोणत्या नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, एआयचे सगळे संचारी बॉट (जालावरची पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) अडवलेले होते. दोन वर्षांपूर्वी मजकुराची चोरी होईल या धास्तीने मीच ते केले होते. त्यांचे स्पष्टीकरण मात्र चुकले. जीपीटीबॉट अडवल्यामुळे आपण चॅटजीपीटीच्या शोधात येत नाही, असे ते म्हणाले. ओपनएआयने ही कामे वेगळी ठेवली आहेत: जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, तर शोधासाठी ओएआय-सर्चबॉट फिरतो. पहिल्याला अडवून दुसऱ्याला वाट देता येते. गूगल-एक्स्टेंडेड, म्हणजे गूगलच्या एआय प्रारूपांना आपला मजकूर वापरू द्यायचा की नाही हे सांगणारे त्याच फाइलमधील नाव, याचीही अशीच गल्लत होते. ते अडवले तरी शोधातील एआय सारांशावर परिणाम होत नाही, कारण तो सारांश नेहमीच्या गूगलबॉटने वाचलेल्या पानांवरून तयार होतो.

मी त्यांना ईमेलने तीन प्रश्न विचारले. पहिल्या महिन्यात कोणती पाने बदलणार आणि काय बदलणार? मोजण्यासाठीचे प्रश्न कोण ठरवणार आणि प्रत्येक प्रश्न किती वेळा विचारणार? काय घडले असता तुमचा उपाय फसला असे तुम्ही स्वतः म्हणाल? चौथ्या दिवशी उत्तर आले. तीच अठरा पानांची फाइल होती. फक्त महिन्याची रक्कम ३५ हजारांवरून २२ हजारांवर आली होती.

मग एका रविवारी मी कुळागरात गेले आणि पडवीत बसून आम्ही आमची क्रियापदे लिहिली. दरपत्रक संकेतस्थळावर छायाचित्राच्या रूपात होते, ते मजकुरात टंकले. गूगल नकाशावरील नोंदीत भावाचा जुना फोन नंबर होता, तो बदलला. रोबॉट्स फाइलमध्ये शोधासाठीच्या बॉटला वाट दिली. सर्वांत जास्त वेळ गावांच्या नावांनी खाल्ला. आपण साखळी म्हणतो आणि परक्या पर्यटकाच्या हातातील नकाशा सांकेलिम म्हणतो. डिचोलीचे बिचोलिम होते, म्हापशाचे मापुसा. आमच्या पानावर केवळ आपली नावे होती, म्हणून ‘सांकेलिमजवळ कुठे राहावे’ या प्रश्नाशी त्या पानाचा संबंध लागणे यंत्रालाच काय, माणसालाही कठीण होते. दोन्ही नावे आता वाक्यांत सहजपणे येतील अशी घातली आहेत. वहिनीने पावसाळ्यात पाट दुथडी भरला की खालच्या खोलीपर्यंत येणारा आवाज, सुपारी सोलण्याचे दिवस, मुक्कामात मिळणारे जेवण यांबद्दल तोंडी सांगितले आणि मी तसेच्या तसे लिहून घेतले. त्या मजकुरात समुद्र नाही.

चॅटजीपीटीतील दुव्यावरून कोणी आले, तर पानाच्या जालपत्त्याच्या शेपटीला सहसा तशी खूण लागते, त्यामुळे निदान एवढे मोजता येते. गेल्या महिन्यात अशा अकरा भेटी झाल्या आणि त्यांतील एका कुटुंबाने दोन रात्रींसाठी माडीवरची खोली घेतली. भावाने आनंदाने फोन केला. “तुझ्यामुळेच ना, ताई?” नावांमुळे असेल, दरपत्रकामुळे असेल, बॉटला वाट दिल्यामुळे असेल, मी त्याला म्हटले, आणि दिवाळीनंतर पर्यटक असेही वाढतात.