तुम्ही विचारलंत म्हणून: हजारो गेमचं कार्ड तयार मिळत असताना मी शंभरेक गेमवर एवढी मेहनत का घेते

घरी कोणी आलं, टीव्हीखालची जुने व्हिडिओ गेम चालवणारी छोटी डबी चालू करून थोडं खेळून झालं की प्रश्न ठरलेला असतो, की अगं बाजारात हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड तयार मिळतं, मग तू शंभरेकच गेम ठेवून त्यांच्यावर हे पॅच, शेडर, फ्रेम, थीम असलं काय काय चढवत का बसतेस आणि त्याने नेमका फरक काय पडतो? ऑफिसात विचारतात, लग्नात भेटलेली मावसभावंडं विचारतात, लोकलमधे शेजारी बसून माझा फोन बघणाऱ्या मैत्रिणीनेही विचारलं, तर एकदाच नीट लिहून ठेवते.

फरक पडतो, आणि मला तरी खूप पडतो. त्या कार्डावरचे गेम तेच असतात पण ते आपल्याकडे जसे चालायचे तसे नसतात, अमेरिकेत किंवा जपानमधे ज्यांचं लहानपण गेलं त्यांच्या आठवणीतले असतात. आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर तो गेम जसा दिसायचा आणि वाजायचा तसा परत उभा करायचा असेल तर हाताने करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा जवळजवळ प्रत्येक तुकडा जगभरातल्या अनोळखी लोकांनी फुकट बनवून ठेवलेला आहे.

ती डबी म्हणजे रास्पबेरी पाय 3 नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, आणि त्यावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर. रेट्रोपायमधे समोर दिसतो तो मेनू म्हणजे इम्युलेशनस्टेशन आणि मागे गेम चालवतं ते रेट्रोआर्क, ज्यात एकेका मशीनसाठी वेगवेगळे कोअर, म्हणजे त्या जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम (इम्युलेटर), असतात. एवढी ओळख पुरे.

आधी स्पीडचं सांगते कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. लालबागला आमच्या चाळीत जो व्हिडिओ गेम होता तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनची नक्कल, ओळखीच्या सगळ्या घरांत तसलीच मशीन असायची. जपान-अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी, म्हणजे सेकंदाला साधारण 60 फ्रेम (पडद्यावरची चित्रं), आणि आपला टीव्ही पाल, म्हणजे 50. त्या जुन्या गेममधला जवळजवळ सगळा हिशोब फ्रेमवर चालतो, मारिओ एका फ्रेमला किती सरकणार, गाण्यातला पुढचा सूर किती फ्रेमनंतर येणार, सगळं. म्हणजे 60 वर बेतलेला गेम 50 वर चालवला की तो साधारण 17 टक्के हळू होतो, उडी मारली की माणूस जरा जास्त वेळ हवेत राहतो, गाणं संथ होतं, आणि आम्ही तोच वेग खरा समजून मोठे झालो. आता तयार कार्डावरचा काँट्रा लावा, पहिल्याच स्टेजला गोळ्या लवकर यायला लागतात आणि ज्या उडीचा अंदाज बोटांत पक्का बसलाय ती उडी चुकते. दादाला वाटलं की आता वय झालं, हात चालत नाहीत. तसं काही नाहीये, गेमच जास्त पळतोय.

यावर काही जण लगेच म्हणतात की मग युरोपातला गेम लाव ना, तिथेही पालच होतं. पण युरोपात काँट्रा प्रोबोटेक्टर नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी रोबो घातलेले, ते बघून दादा म्हणाला हे काय भलतंच. मारिओच्या युरोपियन आवृत्तीत तर 50 फ्रेम गृहीत धरून वेग आधीच वाढवून ठेवलाय. शिवाय निन्टेन्डोच्या अधिकृत पाल मशीनचा प्रोसेसर 1.66 मेगाहर्ट्झवर चालायचा आणि मूळचा 1.79 वर, त्यामुळे तिथे आवाजही खाली उतरतो. नक्कल करणाऱ्यांनी फार हुशारी केली होती, फ्रेम 50 ठेवल्या पण प्रोसेसर 1.77 च्या आसपास ठेवला, म्हणजे जपानी कॅसेट पाल टीव्हीवर फारशी न अडखळता चालावी. सूर जवळजवळ तोच राहिला आणि ताल तेवढा संथ झाला. माझ्या कानात काँट्राचं जे गाणं बसलंय ते हे.

याच जातीचं मशीन रशियात 1992 मधे डेंडी या नावाने निघालं, तिथे पिढीच्या पिढी त्याच्यावर खेळली आणि म्हणून इम्युलेटरमधे या टायमिंगला डेंडी मोड म्हणतात. मेसेन, नेस्टोपिया, एफसीईयूएमएम, तिन्ही कोअरमधे ते आहे. गेम चालू असताना कोअर ऑप्शन्समधे जाऊन रीजन डेंडी करायचं, त्या गेमपुरतं सेव्ह करायचं आणि गेम परत सुरू करायचा. एवढंच केलं तर मात्र टीव्ही 60 वरच राहतो, दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते आणि पडदा सरकताना झटके बसतात, म्हणून गेम सुरू होताना रेट्रोपायचा रनकमांड मेनू उघडून त्या इम्युलेटरसाठी 1080 चा 50 हर्ट्झवाला व्हिडिओ मोड निवडायचा. दादाकडचं जुनं मशीन अजून चालतं, ते शेजारी लावून दोन्हीकडे एकदम स्टार्ट दाबून बघितलं, गाणं बरोबरीने चालत राहिलं. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

आणि टर्बो! आपल्या रिमोटवर टर्बोची जास्तीची बटणं असायची, ती धरून ठेवली की गोळ्यांचा पाऊस. अमेरिकन मशीनसोबत येणाऱ्या साध्या पॅडवर ती नव्हतीच, त्यामुळे तयार कार्डात ती सहसा बंद असतात. एफसीईयूएमएममधे टर्बोचं ऑप्शन आहे, ते आधी चालू करा, मग बाकीचं.

शेडरबद्दल फार लिहीत नाही कारण तो ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. शेडर म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबसारखं चित्र दिसावं म्हणून ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम. लोक सीआरटी-रॉयलचं कौतुक ऐकून तो लावायला जातात पण तो पाय 3 ला झेपत नाही, सीआरटी-पाय नावाचा एक आहे तो खास या छोट्या बोर्डासाठीच लिहिलाय, मी तो वापरते. मोठा कॉम्प्युटर असेल तर रेट्रोआर्कच्या शेडर संग्रहात पाल नावाचं वेगळं फोल्डर आहे ते नक्की बघा, कारण बाकी बरेचसे शेडर अमेरिकन सिग्नलचे रंग कसे पसरायचे ते दाखवतात, आणि आपल्या टीव्हीवरची ती सरकणारी बारीक जाळी वेगळी होती.

फ्रेमचं म्हणजे बेझलचं, गेमभोवती लावायच्या चौकटीचं, काम मला सगळ्यात आवडतं. जुना गेम चारास तीन, आताचा टीव्ही सोळास नऊ, म्हणजे 1920 बाय 1080 च्या पडद्यावर मधे 1440 पिक्सेलचा गेम आणि दोन्ही बाजूंना 240 च्या काळ्या पट्ट्या. या पट्ट्यांवर लावायला द बेझल प्रोजेक्टमधे हजारो चित्रं मिळतात, आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमधल्या मशीनसाठी, तर एकेका गेमची वेगळी, फार मन लावून केलेली. पण घरगुती मशीनसाठी त्यात माझ्या ओळखीचं काही नव्हतं, आमच्या घरी निन्टेन्डोचं ते राखाडी अमेरिकन खोकं कधी आलंच नाही. मग मी स्वतःच केलं, आणि ते वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे, गिम्प या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमधे एक पीएनजी चित्र, मधली जागा पारदर्शक, आणि सोबत चार ओळींची सीएफजी, म्हणजे सेटिंगची, फाइल, ज्यात ओव्हरले किती, चित्राचं नाव काय, फुल स्क्रीन हो, आणि बटणं शून्य एवढंच लिहायचं. माझ्या फ्रेमवर आमच्या शोकेसचं लाकूड आहे, जुन्या फोटोवरून घेतलेलं, आणि एका बाजूला आईने विणलेल्या टीव्ही-कव्हरची किनार. मी ती मुद्दाम फिकी ठेवली, भडक फ्रेम असली की डोळा गेमवर टिकत नाही.

आर्केडला आणखी एक बघावं लागतं. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्याचं चित्र 384 बाय 224 पिक्सेलचं आहे पण पार्लरमधल्या पडद्यावर ते चारास तीनमधे दाबून बसवलेलं असायचं. आस्पेक्ट रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, चुकला की सगळी माणसं आडवी फुगतात, आणि बरीचशी तयार कार्डं पडदा भरून दिसावं म्हणून नेमकं तेच करतात. मुस्तफा फुगलेला मला बघवत नाही. फायनलबर्न निओ कोअरमधे रेशो कोअर प्रोव्हायडेडवर ठेवा, झालं.

यादीतली नावं आणि चित्रं भरायला स्क्रॅपर असतो, तो फाइलची ओळख पटवून नाव, वर्ष, बॉक्सचा फोटो स्वतः आणतो. आमच्याकडे बॉक्स नव्हतेच, नुसती पिवळी-निळी कॅसेट आणि वरचा कागद, म्हणून मी बॉक्सच्या जागी गेममधलंच चित्र ठेवते, आणि गेमलिस्टच्या एक्सएमएल फाइलमधे नाव हाताने बदलून आम्ही म्हणायचो तेच लिहिते. बॅटल सिटी शोधायला सांगितलं तर दादाला सापडणार नाही, टँक लगेच सापडतो. मेनूतले मराठी मथळे मी फॉन्टच्या भानगडीत न पडता चित्र म्हणूनच टाकलेत, थीममधे, म्हणजे मेनूच्या सजावटीत, प्रत्येक सिस्टिमचा लोगो ही वेगळी चित्राची फाइल असते, ती बदलली की काम झालं.

पॅच म्हणजे गेममधे बदल करणारी छोटी फाइल, त्याबद्दल एकच महत्त्वाचं सांगते, मूळ फाइलला हात लावू नका. पॅचला गेमच्याच फाइलचं नाव देऊन शेजारी ठेवला की रेट्रोआर्क चालवतानाच तो लावून घेतं आणि मूळ फाइल तशीच राहते. आयपीएस आणि बीपीएस हे पॅचचे दोन्ही प्रकार मिळत असतील तर बीपीएस घ्या, तो आधी तपासतो की हाच तो गेम आहे ना, आयपीएस कशावरही डोळे झाकून लागतो. याच पॅचमुळे मदर 3 सारखा 2006 मधे फक्त जपानीत आलेला गेम 2008 पासून इंग्लिशमधे खेळता येतोय, सगळं चाहत्यांचं काम. मराठीत असं काही करायची माझी फार इच्छा आहे. फॅमिकॉमच्या गेममधे पार्श्वभूमीच्या चित्रांसाठी एका वेळी 8 बाय 8 चे 256 तुकडे मिळतात आणि त्यात वेलांटी, रफार, जोडाक्षरं बसवायची म्हणजे एकेका अक्षराला दोन-दोन तुकडे जाणार, पण शिरोरेषा शेजारच्या तुकड्याला आपोआप जुळते हे बघून मला वाटतं की निदान छोटे मेनू तरी होतील.

आता त्या तयार कार्डांबद्दल माझं स्पष्ट मत. ती घेऊ नका. त्यातले गेम विकायचा हक्क विकणाऱ्याला नसतो हे तर झालंच, पण फायनलबर्न निओ, स्नेस नाइनएक्स या इम्युलेटरची लायसन्सच सांगतात की यातून धंदा करायचा नाही, रेट्रोपायवाले स्वतः सांगतात की गेम भरून आमची इमेज (कार्डावर टाकायची तयार फाइल) विकू नका, कितीतरी थीम आणि फ्रेमही याच अटीवर दिलेल्या असतात. ज्या माणसाने रात्री जागून एकेका आर्केडची फ्रेम रंगवली त्याचं नाव पुसून ती विकायची, हे मला सहन होत नाही. माझ्या डबीत थीमच्या फोल्डरमधे बनवणाऱ्यांच्या नावाची फाइल जशीच्या तशी आहे आणि कोणाला करून दिलं तरी ती तशीच जाते. आणि हो, मी गेमच्या फाइल देत नाही, सेटअप देते. नवे लोकही या जुन्या मशीनसाठी गेम बनवतात, 2019 चा मायक्रो मेजेस घेऊन बघा, चार जण एकत्र खेळतात, भाचा आणि त्याचे मित्र बाकी काही मागत नाहीत.

एक काम अजून अडलेलं आहे, आणि त्यासाठी तुमचीच मदत हवी. कितीतरी गेम एकत्र असलेल्या ज्या कॅसेट यायच्या, मेनूत नंबर असायचे, काँट्राला आधीच तीस लाइफ आणि हवी ती गन, त्यांच्या सर्किटचे प्रकार इतके आहेत की आपल्या घरातली नेमकी कॅसेट ऑनलाइन संग्रहात सापडेलच असं नाही. आमची पावसाच्या पाण्यात गेली. तुमच्याकडे माळ्यावर पडली असेल तर ती फुंकू नका, थुंकीचा ओलावा पिनांना गंज लावतो, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, वाळू द्या, आणि मला कळवा, परळ-दादरकडे कुठेही येऊन मी तुमच्यासमोर तिची कॉपी काढून कॅसेट तिथल्या तिथे परत देईन.